राणीछाप रुपया आणि ‘तिलावा’ची चांदी

भिंगारच्या माणसाला समुद्र पाहायचा तर आधी घाट उतरावा लागतो. आमच्याकडे पाण्याचा विषय निघाला तर तो टँकरचा असतो, नाहीतर मुळा धरणाच्या आवर्तनाचा. तेव्हा हिंदी महासागरात अडीच किलोमीटर खोल जाऊन पडलेल्या जहाजाची गोष्ट भिंगारपासून सुरू करणं आगाऊपणाचं वाटेल. पण मी त्या गोष्टीपर्यंत पोचलो ते लक्ष्मीपूजनाच्या ताटातूनच.

आमच्या घरात वर्षातून एकदाच कपाटाबाहेर येणारा एक रुपया आहे. व्हिक्टोरिया राणीची छबी असलेला, कडा झिजलेला. आजी त्याला ‘राणीछाप’ म्हणायची. चिंचेच्या कोळानं घासून, पुसून तो ताटात झेंडूच्या पाकळ्यांवर ठेवायचा आणि भाऊबीज झाली की परत डब्यात. डब्यात टाकण्याआधी आजी तो एकदा फरशीवर आपटायची. रुपया खरा की खोटा ते आवाजावरून कळतं, असं तिचं म्हणणं. खऱ्या चांदीचा आवाज खणखणीत निघतो आणि थोडा रेंगाळतो.

त्या रुपयाचं वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. ग्रॅममध्ये ११.६६. त्यात अकरा-बारांश शुद्ध चांदी. १८३५ पासून हे माप ठरलेलं होतं आणि सराफाच्या तराजूत रुपया हेच वजन म्हणून चालायचं. लोकांचा विश्वास राणीवर नव्हता, या एक तोळा चांदीवर होता. म्हणून तर बायकांनी रुपयांना कड्या लावून ते गळ्यात घातले आणि पुरुषांनी चुलीमागे पुरले.

हा विश्वास १९४० च्या उन्हाळ्यात सरकारला महागात पडला. जूनमध्ये फ्रान्स पडला. इंग्रज आता टिकत नाहीत अशी कुजबुज बाजारात सुरू झाली, आणि लोक नोटा घेऊन खजिन्यांसमोर उभे राहिले. कागद नको, रुपया द्या. दिलेला रुपया बाजारात फिरेना, तो घरात जाऊन बसला. सरकारनं गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणं गुन्हा ठरवलं आणि एक रुपयाची नोट काढली. वर्ष संपता संपता रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. मग पुढची पायरी. जुने, भरपूर चांदीचे रुपये चलनातूनच बाद करायचे. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाला मुदत मिळाली ३१ मार्च १९४१ ची. एडवर्ड राजाचा रुपया मे १९४२ अखेर गेला. पाचव्या आणि सहाव्या जॉर्जचे जुने रुपये एप्रिल १९४३ अखेर. चलनबदलाचा धसका आपल्याला २०१६ मध्ये पहिल्यांदा बसला असं ज्यांना वाटतं, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं.

काहींनी रुपये मुकाट्यानं खजिन्यात भरले, काहींनी आटवून वाळे-तोडे केले, काहींनी आमच्या पणजोबांसारखे एखाददोन लपवले. जमा झालेली नाणी टांकसाळींकडे गेली. नवा रुपया निम्म्या चांदीचा, त्यामुळे सरकारच्या हाती चांदी उरत गेली. ती लंडनला हवी होती. इतरांनाही हवी होती.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये नगर शहर आणि भिंगार यांच्या मधल्या भुईकोट किल्ल्यात देशाचा अर्धा इतिहास कोंडला गेला होता. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, पंडित पंत, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आणि बाकीचे, असे काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण. लष्करी छावणीत रणगाड्यांचं शिक्षण चाललं होतं. युद्धाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात सापडलेले जर्मन नागरिकही काही काळ नगरच्याच कॅम्पात डांबलेले होते. म्हणजे युद्ध आमच्यापासून लांब होतं असं नाही. फक्त त्याचा समुद्राकडचा भाग आम्हाला दिसत नव्हता.

त्या भागात काय चाललं होतं? २ ऑक्टोबर १९४२ ला मुंबईहून ‘सिटी ऑफ कैरो’ नावाचं जहाज सुटलं. त्याच्या पोटात सुमारे दोन हजार पेट्या होत्या आणि पेट्यांत चांदीचे रुपये, एकूण शंभर टनांच्या आसपास. तोळ्याचा हिशेब मांडला तर पंच्याऐंशी लाख नाणी. माल ब्रिटिश खजिन्याचा. केपटाऊनला थांबून ते ब्राझीलच्या दिशेनं निघालं आणि ६ नोव्हेंबरच्या रात्री सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेला जर्मन पाणबुडी यू-६८ नं त्याला गाठलं. जहाज बुडाल्यावर पाणबुडी वर आली. तिच्या कप्तानानं होड्यांतल्या लोकांना जवळची जमीन कुठल्या दिशेला आहे ते सांगितलं, बुडवल्याबद्दल माफी मागितली आणि शुभ रात्री म्हणून तो निघून गेला. सभ्यतेचा हा नमुना इंग्रजी पुस्तकांत फार गाजला. होड्यांतल्या लोकांना त्यानं काही भाकरी मिळाली नाही. जहाजावरच्या ३११ पैकी १०४ जण दगावले, त्यातले बहुतेक होड्यांमध्ये, तहानेनं. एका होडीतले शेवटचे दोघं सापडले ते ५१ दिवसांनी, ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ.

हे सगळं पार अटलांटिकमध्ये घडलं. ‘तिलावा’ मात्र घराजवळची.

ब्रिटिश इंडिया कंपनीची एसएस तिलावा. १९२४ ची बांधणी, दहा हजार टनांची आगबोट, मुंबई ते पूर्व आफ्रिका या नेहमीच्या फेरीवरची. या कंपनीच्या बोटींवर खलाशी म्हणून रत्नागिरीकडची माणसं असत आणि खानसामे गोव्याकडचे. कोकणातल्या कितीतरी घरांत ‘बोटीवर आहे’ एवढाच पत्ता पुरे असायचा. उतारू बहुतेक गुजराती. मोम्बासा, लोरेन्सो मार्क्स, डर्बन इथं दुकानं असलेले व्यापारी, त्यांच्याकडे निघालेल्या बायका, मुलं. २० नोव्हेंबर १९४२ ला ती मुंबईहून सुटली तेव्हा तिच्यावर ७३२ उतारू, २२२ खलाशी आणि ४ तोफची होते. सोबत एकही लढाऊ जहाज नव्हतं.

आणि तळाच्या कोठ्यांत साडेसहा हजार टनांच्या मालात साठेक टन चांदी होती. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं ती मुंबईच्या टांकसाळीकडून विकत घेतली होती, मुख्यतः प्रिटोरियात नाणी पाडण्यासाठी. २,३६४ लगडी. डेकवर पथाऱ्या टाकून निजलेल्या माणसांना आपल्या खाली काय आहे याची कल्पना असायचं कारण नव्हतं.

२३ नोव्हेंबरच्या पहाटे दोनच्या सुमाराला, सेशेल्सच्या ईशान्येला सुमारे नऊशे मैलांवर, जपानी पाणबुडी आय-२९ चा पाणतीर तिलावाला लागला. पहिल्या तडाख्यानं बोट लगेच बुडाली नाही आणि खरा घात तिथंच झाला. अंधारात सगळे एकदम होड्यांकडे धावले. भरलेल्या होड्या सोडताना दोर सुटले, काही उलटल्या. बोट तरंगते आहे म्हटल्यावर काही माणसं परत वर आली. मग दुसरा पाणतीर लागला. बिनतारी यंत्रावरचा अधिकारी शेवटपर्यंत संदेश पाठवत राहिला आणि बोटीबरोबरच गेला.

पुढचे दोन दिवस उरलेली माणसं होड्यांत, तराफ्यांवर, फळकुटांना धरून होती. २५ तारखेला एचएमएस बर्मिंगहॅम ही क्रूझर पोचली. एकूण ६७८ जण वाचले, २८० गेले. २७ नोव्हेंबरला वाचलेल्यांना घेऊन क्रूझर मुंबईला लागली. बातम्यांवर सेन्सॉरची कात्री होती, युद्धात रोज बोटी बुडत होत्या, आणि मेलेले बहुतेक डेकचे उतारू होते. तिलावाचा गवगवा झाला नाही.

या आय-२९ ची आणखी एक ओळख आहे आणि ती वाचताना मी खुर्चीत ताठ बसलो. पाचच महिन्यांनी, एप्रिल १९४३ च्या अखेरीला, मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात एक जर्मन पाणबुडी आणि एक जपानी पाणबुडी समोरासमोर आल्या. जर्मन पाणबुडीतून रबरी तराफ्यावर चढून, चिंब भिजत, दोन हिंदी माणसं जपानी पाणबुडीत गेली. सुभाषचंद्र बोस आणि आबिद हसन. त्यांना घेऊन सुमात्राकडे गेलेली ती जपानी पाणबुडी म्हणजे हीच आय-२९. शाळेत नेताजींचा हा प्रवास शिकताना पाणबुडीचं नाव कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिलावा ठाऊक नसताना त्या नावाचं काय करणार होतो? जुलै १९४४ मध्ये अमेरिकन पाणबुडीनं फिलिपिन्सच्या उत्तरेला आय-२९ लाही तळ गाठवला.

त्यानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षं तिलावा पडून होती. तिला कोणी शोधलं नाही असं म्हणण्यापेक्षा शोधणं परवडत नव्हतं म्हणावं. पाणबुड्या माणसाची धाव शंभर-दोनशे मीटर. हजार मीटरखाली उजेडाचा कवडसाही पोचत नाही. अडीच हजार मीटरवर पाण्याचा दाब वरच्या हवेच्या अडीचशे पट. तिथं रेडिओ लहरी चालत नाहीत, उपग्रहाला दिसत नाही. चालतो तो फक्त आवाज. आजीची फरशीवरची युक्तीच, पण फार मोठ्या मापाची.

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो. जहाजावरून सोडलेला ठोका अडीच किलोमीटर खाली जाऊन, तळावर आपटून परत यायला सव्वातीन सेकंद लागतात. इतक्या लांबून आलेला पडसाद अंधुक असतो, म्हणून सोनार, म्हणजे आवाज सोडून पडसाद टिपणारं यंत्र, मैलोगणती केबलला बांधून तळाजवळ सोडतात. त्याचा आकार पाणतीरासारखा, त्याला म्हणतात ‘फिश’. जहाज आपल्या मंद गतीनं सरळ रेषेत जातं, टोकाला वळतं, शेजारून परत येतं. नांगराची तासं पडावीत तशी समुद्रावर तासं पडत जातात. फिश दोन्ही कुशींना आवाज फेकत चालतो. चिखल तो पिऊन टाकतो, लोखंड परतवतं, आणि उंचवट्यामागं जिथं आवाज पोचत नाही तिथं काळी सावली पडते. जाणकार माणूस पडद्यावर बरेचदा वस्तूपेक्षा तिची सावलीच वाचतो. दिवसचे दिवस राखाडी पडद्यावर काही नसतं. खडकही जहाजाचं सोंग घेतात. संशयाची जागा सापडली की मग रोबो उतरवायचा. दिवे, कॅमेरे, लहान पंखे आणि दोन यांत्रिक हात असलेलं यंत्र, केबलनं वरच्या जहाजाशी बांधलेलं. वर खोलीत बसलेला चालक पडद्याकडे बघत खालचे हात हलवतो.

पण मला वाटतं, या शोधातलं निम्मं काम समुद्रात होतच नाही. ते दप्तरखान्यात होतं. जहाजाच्या शेवटच्या संदेशातले अक्षांश-रेखांश, पाणबुडीची रोजनिशी, वाचलेल्यांच्या जबान्या, विम्याचे कागद, माल चढवल्याच्या पावत्या. मोडी वाचणारा माणूस जसा तीन बखरी समोर ठेवून कोण कुठं खोटं बोलतोय ते ताडतो, तसंच हे. ‘सिटी ऑफ कैरो’च्या बाबतीत सगळ्यांनीच दिलेल्या जागा चुकीच्या निघाल्या. लंडन शहराच्या दुपटीएवढा समुद्रतळ, त्यातल्या डोंगरदऱ्यांसकट, पालथा घालावा लागला. २०११ मध्ये जहाज सापडलं ५,१५० मीटरवर, दोन तुकडे होऊन गाळात रुतलेलं. टायटॅनिक पडली आहे त्याच्याही सव्वा किलोमीटर खाली. शोधणाऱ्यांना तिथं दुसऱ्या पाणतीराची शेपटीही मिळाली. २०१३ पर्यंत बरेच टन रुपये वर आले आणि ब्रिटनमध्ये आटवून विकले गेले. राणीचे, राजाचे, ज्यांच्या कडा आपल्याकडच्या बोटांनी झिजवल्या होत्या ते सगळे एका मुशीत. बातमी बाहेर फुटली २०१५ साली. जाताना कंपनीनं तळावर एक फलक ठेवला, आम्ही आदरानं आलो होतो, या अर्थाचा.

‘सिटी ऑफ कैरो’ सापडलं त्याच वर्षी, २०११ मध्ये, आयर्लंडच्या नैर्ऋत्येला ४,७०० मीटरवर ‘गेरसोप्पा’ सापडली. नाव ओळखीचं वाटतं ना? गिरसप्पाच्या धबधब्यावरूनच. कलकत्त्याहून चहा, बीड आणि चांदी घेऊन निघालेली ही बोट फेब्रुवारी १९४१ मध्ये बुडाली, एक सोडून सगळे गेले. रोबोंनी दोन वर्षांत २,७९२ लगडी वर काढल्या. त्या चांदीपेक्षा मला अप्रूप वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मालाखाली दबलेल्या टपालाच्या थैल्यांत सातशेहून जास्त पत्रं मिळाली. सत्तर वर्षं समुद्राखाली राहूनही वाचता येण्यासारखी. उजेड नाही, प्राणवायू कमी, वरून मालाचा दाब, म्हणून कागद टिकला. हिंदुस्थानातून घरी लिहिलेली ती पत्रं २०१८ मध्ये लंडनच्या टपाल संग्रहालयात मांडली गेली. घरच्यांना पोचायची ती नातवंडांना पोचली.

तिलावाच्या चांदीचा मुहूर्त लागला २०१७ मध्ये. अर्जेंटम एक्सप्लोरेशन या ब्रिटिश कंपनीनं २,३६४ लगडी वर काढल्या. कंपनीचं नावच लॅटिनमधल्या चांदीवरून. गाजावाजा काहीच नाही. माल साउदॅम्प्टनला नेऊन, कायद्याप्रमाणे, बुडीत मालाची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या हवाली केला आणि चांदी वाचवल्याचा मोबदला मागितला. किंमत चार कोटी डॉलरच्या वर. आता मालक कोण? दक्षिण आफ्रिका पुढं आली. चांदी आमची, आम्ही कोणाला काढायला सांगितलं नव्हतं, आणि सार्वभौम देशावर परक्या कोर्टात दावा चालत नाही.

इथं खटल्याचा मुद्दा असा काही बारीक झाला की आपल्याकडच्या जमिनीच्या दाव्यांची आठवण यावी. चांदी बोटीवर असताना ती ‘व्यापारी कामासाठी वापरात’ होती का? असेल तर दावा चालतो, नसेल तर नाही. लंडनच्या हायकोर्टानं २०२० मध्ये म्हटलं, हो. २०२२ मध्ये अपील कोर्टानंही बहुमतानं तेच धरलं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं ८ मे २०२४ ला उलटं फिरवलं. बोटीच्या पोटात पडून राहणारी लगड ‘वापरात’ नसते, ती नुसती नेली जात असते, आणि पुढं तिची नाणी पडणार होती म्हणजे तो हेतूही व्यापारी नव्हे. गंमत म्हणजे निकालाच्या तोंडावर दोन्ही पक्षांनी आपसात तडजोड करून टाकली होती. न्यायालयानं तरीही निकाल दिला, प्रश्न महत्त्वाचा म्हणून.

मुंबईच्या टांकसाळीतून निघालेली चांदी, मुंबईहून सुटलेली बोट, त्यावरची बहुतेक माणसं आपली. पण चार वर्षं चाललेल्या या भांडणात हिंदुस्थान कुठंच नव्हता. कायद्यानं ते बरोबरच आहे, आपण चांदी विकली होती, पैसे घेतले होते. लगडींचे आकडे, खरेदीचे करार, पावत्या हे सगळं जपलेलं होतं म्हणून तर कोर्टात ऐंशी वर्षांपूर्वीच्या मालाची कूळकथा मांडता आली. माणसांच्या बाबतीत असं नव्हतं. तिलावाचे वारस विखुरलेले. मुंबई, गुजरात, इंग्लंड, कॅनडा, आफ्रिका. खोल समुद्रातलं जहाज शोधायला कोट्यवधी लागतात, ते घालणारा माणूस परतावा कशातून येणार ते आधी बघतो, आणि म्हणून सोनारची तासं आजवर चांदीच्या वासावर पडत आली. ज्या बोटीत नुसती माणसं होती ती बोट सहसा कोणी शोधत नाही. १८८८ मध्ये मांडवीहून मुंबईला निघून सौराष्ट्राच्या समुद्रात नाहीशी झालेली ‘वैतरणा’, जिला लोक ‘विजळी’ म्हणत, ती अजून सापडलेली नाही.

याला एक अपवाद आपल्याच देशानं घडवला, तो सांगितला पाहिजे. जुलै २०१६ मध्ये वायुदलाचं एएन-३२ विमान २९ जणांसह चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जाताना बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. तेव्हाचा शोध व्यर्थ गेला. पुढं चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं त्या भागात केबलशिवाय, आपलं आपण पोहणारा रोबो सोडला. त्याच्या सोनारनं आणि कॅमेऱ्यानं ३,४०० मीटरवरचे तुकडे टिपले आणि जानेवारी २०२४ मध्ये ते बहुधा त्याच विमानाचे असल्याचं जाहीर झालं. त्या तुकड्यांत चांदी नव्हती.

तिलावा बुडाल्याला ऐंशी वर्षं झाली त्या दिवशी, २३ नोव्हेंबर २०२२ ला, मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये तिच्या माणसांची पहिली स्मृतिसभा झाली. देशोदेशींहून घरची मंडळी आली होती. त्या रात्री बोटीवर असलेली आणि अजून हयात असलेली माणसंही त्यात होती, तेव्हाची लहान मुलं. वाचलेल्यांना घेऊन आलेली क्रूझर मुंबईच्याच बंदरात लागली होती. चांदी वर येऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती आणि ती इंग्लंडमध्ये निकालाची वाट पाहत होती.

यंदा दिवाळीत ताट मांडताना मी राणीछाप फरशीवर आपटला. लेकीनं विचारलं, काय ऐकतोयस? तिला म्हटलं, थांब, बोलू नकोस. रुपया वाजला आणि थोडा रेंगाळला.